हौरियाने कॉफी कापली ते वर्ष

आमच्या बैत शरहान गावात कॉफीची झाडं उरली होती ती एकट्या हौरियाच्या शेतात. डोंगराच्या अंगावरून पायऱ्यांसारखे उतरत जाणारे टप्पे, हीच आमची शेतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या सगळ्या टप्प्यांवर कॉफीच होती. मग एकेकाने ती उपटली आणि कात लावली. जेवणं झाली की आमचे पुरुष ज्या झुडपाची कोवळी पानं गालात धरून संध्याकाळपर्यंत चघळत बसतात, ती कात. कॉफी वर्षातून एकदा हाती लागते. कातीला पाणी दाखवलं की ती पुन्हा फुटते आणि बाजारात तिला रोज गिऱ्हाईक असतं. माझ्या नवऱ्यानेही कॉफी उपटली. त्याचं नाव दैफुल्ला. तो गावचा आकिल, म्हणजे तंटे मिटवायचे, बाहेरून माणूस आला तर त्याला जेवू घालायचं आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या.

हौरियाने मात्र झाडांना हात लावू दिला नाही. तिचा नवरा कायद लोकांच्या कातीवर औषध फवारायला जायचा आणि ऐन उमेदीत खोकून खोकून गेला. डॉक्टरांनी छातीचा आजार सांगितला. हौरिया म्हणाली, ते औषधच त्याच्या छातीत बसलं. खरं काय ते अल्ला जाणे, पण त्यानंतर तिने आपल्या टप्प्यांवर ना कात येऊ दिली ना औषध. मुलगी सबा, तिचं लग्न खालच्या अल-मसील गावात करून दिलं, आणि मग ती आणि तिची झाडं एवढाच संसार उरला. माणूस म्हणून ती फार गोड होती असं मी म्हणणार नाही. तोंडाने फटकळ. पाण्यावर बायका जमलेल्या असल्या आणि ती आली की जरा शांतता व्हायची.

तिच्याकडे जुमाना आली ती एका हिवाळ्यात. साना शहरातली मुलगी, शिकलेली, पायात पुरुषी बूट. बाहेरदेशी कॉफी भाजून विकणाऱ्यांसाठी ती गावोगाव फिरून माल घ्यायची. चांगला भाव देईन म्हणाली, पण तिच्या अटी होत्या. फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडायचं, हिरवं त्यात मिसळायचं नाही. जमिनीवर न वाळवता खाटेसारख्या जाळीवर वाळवायचं. तोडायला येणाऱ्या बायकांना मजुरी पुरती द्यायची, शाळेच्या वेळी मुलांना तोडणीला लावायचं नाही, औषध मारायचं नाही, आणि झाडांना दिलेलं पाणी कुणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नसावं.

आम्ही हौरियाच्या ओसरीवर किशर पीत बसलो होतो. कॉफीचं बी विकायचं आणि त्याची वाळलेली सालं आलं घालून उकळून आपण प्यायची, हा आमचा रिवाज. जुमानाच्या अटी ऐकून हौरियाने विचारलं, पिणारे इतक्या लांब राहतात, त्यांना आमच्या पाण्याची पंचाईत कशाला?

"खाला, त्यांना रोज सकाळी कप हातात घेताना मनाला टोचायला नको असतं," जुमाना म्हणाली.

"म्हणजे आम्ही इथे सुखात आहोत एवढं कळलं की त्यांना ती गोड लागते?"

"गोड कुठली, साखरच घालत नाहीत."

"मग काळजीने घशाखाली उतरत नसेल त्यांच्या, बरोबर आहे," हौरिया म्हणाली, आणि आम्ही हसलो.

पण तिने ते हसण्यावारी नेलं नाही. जुमानाने फोन समोर धरला आणि जे खरं असेल ते बोल म्हणाली, तेव्हा हौरियाने ओढणी नीट केली, चेहऱ्यावरून पुढे घेतली आणि सांगितलं की ही झाडं माझ्या सासऱ्याने लावलेली आहेत, यांच्यावर विष पडलेलं नाही आणि यांनी कुणाचं पाणी तोडलेलं नाही.  कोर्टात साक्ष द्यावी तशी ती बोलली.

त्या हिवाळ्याची कॉफी चांगली गेली. हौरियाने छताची गळती बंद केली आणि सबाला लोकरी शाल पाठवली. सबाला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिले होते. गावात लोक बोलायला लागले की कॉफीतही अजून जीव आहे. दोघातिघांनी तर तिच्याकडे रोपंही मागितली.

आणि वसंतातला पाऊस आलाच नाही.

आमच्या गावाच्या डोक्यावर दगडात बांधलेलं एक मोठं टाकं आहे. पूर्वजांनी बांधलेलं, गच्चीगच्चीवरचं आणि उतारावरचं पाणी त्यात येऊन साठतं. ते खाली गेलं, मग आणखी खाली गेलं, मग त्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून पापुद्रे धरायला लागलं. माझ्या नवऱ्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता टाक्याचं पाणी माणसांना आणि जनावरांना, झाडांना थेंब नाही. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण ज्यांची कात होती त्यांनी इकडून तिकडून टँकर आणायला सुरुवात केली होती. ज्यांना टँकर झेपत नव्हता त्यांची कात उभी वाळली. आमचीही वाळली.

हौरियाच्या कॉफीची पानं आधी लोंबली, मग कडेने आत वळायला लागली. ती नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी तसराळ्यात धरायची, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी कडेवर घेऊन टप्प्यांवर उतरायची आणि एकेका बुंध्याशी ओतायची. मी तिला म्हटलं, एवढ्याने काय होणार? ती म्हणाली, काही होत नाही, पण घरात बसवत नाही. तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते. मला वाटतं आपल्या प्यायच्या पाण्यातलंही ती त्यांना घालत होती.

हिजाम तिचा दीर, कायदचा धाकटा भाऊ. गावात फक्त त्याच्याच कातीला पाण्याची ददात नव्हती. वर्षभरापूर्वी त्याने बायकोचं सोनं आणि एक शेत विकून डोंगरात खोल बोअर मारली होती आणि तिच्यावर उन्हावर चालणारा पंप बसवला होता. घरामागच्या उघड्या कातळावर त्याने काळ्या निळ्या पाट्यांची रांग उभी केली होती. सूर्य वर आला की पंप आपोआप सुरू व्हायचा, मावळला की थांबायचा. डिझेल नको, माणूस नको. पाणी नळीतून दिवसभर वाहायचं. आम्ही बायका कधी कधी नुसत्या त्या आवाजाजवळ जाऊन उभ्या राहायचो.

एक दिवस हिजाम स्वतः हौरियाकडे आला. तिची झाडं वाळताना त्याला बघवत नव्हती, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्या झाडांखाली तो लहानाचा मोठा झाला होता. नळी तुझ्या टप्प्यांपर्यंत ओढून देतो, पाण्याचं मला काही नको, असं त्याने सांगितलं. फक्त खालच्या गावातून कुणी पंपाबद्दल कुरकुरत आलं, तर घरच्या माणसांनी एका तोंडाने बोलावं एवढंच.

हौरियाने विचारलं नाही की खालचे का कुरकुरतात. तिने झाडांकडे बघितलं आणि हो म्हटलं.

कॉफीच्या तहानलेल्या झाडाला अचानक पाणी मिळालं की ते फुलतं. आठवडाभरातच टप्पे पांढरे झाले. मोगऱ्यासारखा वास गावभर सुटला. इतकी वर्षं त्या वासाला लोक विसरले होते. म्हातारे बाहेर येऊन भिंतीला टेकून बसायला लागले. हौरिया तेव्हा कुणाशीही गोड बोलत होती. जुमानाला फोन लागला तेव्हा तिने सांगितलं की यंदा गेल्या वेळेपेक्षा जास्त देईन. फुलं गळून फांद्यांवर हिरवे मणी धरले तेव्हा तर तिने आम्हा दोघींतिघींना जेवायला बोलावलं आणि असीद रांधलं, पिठाचा उकडलेला मऊ गोळा आणि त्यावर रस्सा.

जेवण चालू असतानाच अल-मसीलहून सबाच्या शेजारचा मुलगा आला. दारातच उभा राहिला, आत येईना. सबा पडली आहे, असं त्याने सांगितलं.

मी हौरियाबरोबर खाली गेले. उतार तीव्र आहे, तिथे गाढवंही जपून चालतात. ती मात्र धावतच गेली. सबा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. अल-मसीलच्या बायका ज्या झऱ्यावर पाणी भरायच्या तो आटत आला होता, म्हणून त्या दरीच्या तळापर्यंत जात होत्या. पोटात सहा महिन्यांचं मूल घेऊन सबाही जात होती, कारण घरात दुसरं कुणी जाण्याजोगं नव्हतं. सासूचे गुडघे गेलेले आणि नवरा मजुरीला दूर. पाण्याने भरलेला कॅन पाठीवर, आणि खडकावरून पाय घसरला. मूल गेलं. मुलगा होता. आम्ही पोचायच्या आधी त्याला पुरलं होतं.

हौरिया तिच्या उशाशी बसली. केसांतून हात फिरवायला गेली तर सबाने मान बाजूला घेतली. 

सबाची सासू नूरिया, शांत बाई. तिने आम्हाला किशर दिलं. पेल्याच्या तळाला लागेल एवढंच, तेवढंच पाणी घरात होतं. मग ती हौरियाला म्हणाली, "तुमच्या झाडांना फुलं आली होती म्हणे. वास इथपर्यंत येत होता."

त्यात टोमणा नव्हता. तिने फक्त सांगितलं. हौरियाच्या हातातला पेला तसाच राहिला.

निघताना ती झऱ्यावर गेली. मीही गेले. कपारीतून दोऱ्याएवढी धार यायची ती दुपारच्या वेळी पार थांबली होती, दगड नुसता ओलसर. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की पहाटे आलात तर घागर भरते. रात्रभरात थोडं थोडं जमतं. सूर्य वर चढला की खडक पाणी आत ओढून घेतो. गेल्या वर्षीपासूनच हे असं. आधी आम्हाला वाटलं जिन्न आहे, तो म्हणाला, मग कुणीतरी तुमच्या डोंगरावर चमकणाऱ्या पाट्या दाखवल्या.

वर चढताना हौरिया मध्येच बसली. मला वाटलं दम लागला. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचं सगळं अंग हलत होतं. मी पाठीवर हात ठेवला.  बराच वेळ गेल्यावर ती उठली आणि चालायला लागली, आणि घरी न जाता सरळ आपल्या टप्प्यावर गेली. तिथे हिजामच्या नळीचं तोंड तिने दगडाने ठेचलं.

दुसऱ्या दिवशी ती हिजामकडे गेली. तो ओसरीवर कात निवडत बसला होता. आधी त्याने सबाबद्दल दुःख केलं, ते मनापासून केलं. सबा त्याच्या खांद्यावर खेळलेली. पण पंप बंद कर म्हटल्यावर त्याने हातातली जुडी खाली ठेवली. बोअर माझी, डोंगर माझ्या बापाचा, आणि जमिनीखालचं पाणी कुणाचं कुठे जातं हे फक्त अल्लाला दिसतं, असं तो म्हणाला.

"अबू मुसइद, मला दिसलं," हौरिया म्हणाली. आमच्यात मोठ्या माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मुसइदचा बाप, सबाची आई, अशी. "मी झऱ्यावर उभी राहून बघितलं."

"आणि तुझी झाडं प्यायली ते?"

"तेही त्यातलंच."

"मग आता काय? तुझी कॉफी वर्षातून एकदा विकते, उम्म सबा. माझ्या घरात पोरं रोज जेवतात. ही कात वाळली तर मी त्यांना काय घालू? तू नळी फोडलीस, झरा आला का? तू एक बाई. तुझ्या नळीने काही होत नाही." मग तो जरा थांबला आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं: "आधी आपली झाडं मारून दाखव, मग माझी मार म्हण."

ती माझ्या नवऱ्याकडे आली. दैफुल्ला म्हणाला बघतो, दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांना बसवतो, पाऊस येऊ दे, घाई करू नको. हौरिया ऐकून घेत होती. त्याचं बोलणं संपल्यावर ती उठली. मला वाटलं आता ही अल्लावर सोडेल, सगळे सोडतात तसं.

दुसऱ्या सकाळी मला करवतीचा आवाज आला.

मी धावत गेले तोवर तिचा वरचा टप्पा संपला होता. हिरव्या मण्यांनी लगडलेली झाडं आडवी पडली होती, आणि त्यांच्या जागी गुडघ्याएवढे बुंधे. ती पुढच्या झाडाला लागली होती. तिच्या तळहातावरून रक्त ओघळत होतं, करवतीची मूठ त्याने निसटत होती आणि ती ओढणीने पुसून पुन्हा धरत होती. मी म्हटलं, थांब, वेडी झालीस का, तुझ्या सासऱ्याची झाडं.

"बुंधा कमी पाण्यावर तग धरतो," ती म्हणाली. "पानं नाहीत, फळ नाही, मागणार काय तो? धरला तर धरेल."

"आणि मेला तर?"

"मग मेला."

मी करवतीचं दुसरं टोक धरलं नाही. मला धरवलं नाही. मी तिथेच बांधावर बसून रडले. गावातले लोक वरच्या टप्प्यांवर येऊन उभे राहिले. कुणी खाली उतरलं नाही. हिजामही आला होता. तो त्या पडलेल्या झाडांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं आता तो बोलेल, आता जाऊन पंप बंद करेल. तो वळला आणि घरी गेला, आणि पंपाचा आवाज नेहमीसारखा येत राहिला.

संध्याकाळपर्यंत तिने सगळी झाडं कापली.

मग जे झालं ते खरं तर ठरवून झालं नाही. दुसऱ्या दिवशी हौरिया आपल्या अंथरुणावरची गोधडी घेऊन हिजामच्या घरामागच्या कातळावर गेली आणि ती तिने उन्हाच्या पाट्यांवर पसरली. एका गोधडीने सगळ्या पाट्या थोड्याच झाकतात. पंपाचा आवाज किंचित मंदावला. हिजामने येऊन गोधडी ओढून फेकली. तिने ती उचलून परत घातली. त्याने पुन्हा फेकली. तो तिच्या अंगाला हात लावू शकत नव्हता, भावाची विधवा ती. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी तो तिथेच सावलीत बसला आणि ती उन्हात, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

माझी धाकटी बहीण अल-मसीलमध्ये दिलेली आहे. गावातल्या कितीतरी घरांच्या लेकी तिथे आहेत. आमच्यात मुली लांब देत नाहीत. तिसऱ्या प्रहरी मी आमच्या घरातलं घोंगडं काढलं. दैफुल्ला कुठे चाललीस म्हणून विचारत होता. मी सांगितलं, वाळत घालायला. माझ्यामागून शेजारची शिमा तिची चादर घेऊन आली, मग तिची सासू. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पाट्या झाकल्या गेल्या तसा पंप घरघरला, अडखळला आणि थांबला. इतक्या दिवसांनी भर उन्हात डोंगर असा गप्प झाला की बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटाही ऐकू यायला लागल्या.

आम्ही तिथे बसून राहिलो. रोज जायचो, आळीपाळीने. पुरुषांनी धमक्या दिल्या, माझ्या नवऱ्याने मला माहेरी धाडीन म्हटलं, मी म्हटलं माहेरीही पाणी नाही. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. आम्हाला फार भीती वाटत होती. हिजामची बायको घराच्या खिडकीत उभी राहून आम्हाला शाप द्यायची, आणि तिची पोरं तिच्या मागे उभी असायची, त्यांच्याकडे बघणं कठीण व्हायचं. हौरिया बघायची. मान वर करून त्यांच्याकडेच बघत राहायची.

शेवटी आकिल म्हणून माझ्या नवऱ्याला दोन्ही गावांची माणसं बसवावीच लागली. बोलणी खूप लांबली, त्यात भांडणं झाली, एकाने कमरेच्या जंबियाच्या मुठीला हातही घातला. ठरलं ते असं की पंप सकाळचा थोडा वेळ चालेल, तेही प्यायच्या पाण्यापुरतं, आणि ते दोन्ही गावांनी भरायचं. कातीला नाही. त्या बदल्यात दोन्ही गावांनी मिळून हिजामच्या बोअरचा खर्च थोडा थोडा उतरवायचा. हिजामने मान हलवली. त्याच्याजवळ दुसरं काय होतं?

त्याची कात वाळली. तो शहरात सिमेंटच्या विटा पाडायला गेला. जाताना तो हौरियाच्या दारावरून गेला. ती उंबऱ्यात उभी होती. त्याने सलाम केला नाही. तिने म्हटलं, अबू मुसइद, तुझ्या पोरांच्या ताटात माझ्या घरचं जे असेल ते असेल. तो न थांबता म्हणाला की तुझ्या घरी आता आहे काय. आणि ते खरंच होतं. तरी ती त्याच्या घरी भाकरी पोचवत राहिली आणि त्याची बायको ती घेत राहिली, दार अर्धं उघडून.

अल-मसीलचा झरा परत आला म्हणाल तर आला. दुपारी तो आता पूर्ण थांबत नाही. पण पूर्वी तो उसळायचा तसा नाही. दोऱ्याएवढी धार, दिवसभर. बायका रांगेत बसतात.

उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस थोडा शिंपडून गेला. त्यानंतर जुमाना आली. टप्प्यांवर पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली. हौरियाने तिला सगळं सांगितलं, थोडक्यात, चूल फुंकता फुंकता. यंदा कॉफी नाही, पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढे बुंधे जगले तर. जुमानाला रडू आलं. ती म्हणाली की मला आधी का नाही कळवलं, मी तिकडच्या लोकांना सांगितलं असतं, त्यांनी काहीतरी केलं असतं.

"काय केलं असतं, बेटा?"

जुमानाने डोळे पुसले. मग तिने विचारलं की आता त्यांना काय सांगू, ते तुझ्या कॉफीची वाट बघताहेत, तुझं नाव पाकिटावर छापलंय.

हौरियाने किशर गाळलं. "सांग, यंदा दुसऱ्या कुणाची प्या. आणि तो पाणी कुठून आणतो ते त्याला विचारा. नाहीतर थोडी कमी प्या म्हणावं."

"असं कसं सांगू मी, खाला? ते विकतात ती."

"मग तू तुला जमेल ते सांग. मी मात्र त्या फोनपुढे परत बोलणार नाही. मागच्या वेळी बोलले ते खरं होतं. नंतर खोटं झालं."

जुमाना राहिली त्या रात्री. सकाळी निघताना तिने घरातली किशरची थोडी साठवणीची सालं विकत मागितली. हौरियाने दिली नाहीत; आमच्या प्यायला तेवढीच आहेत, म्हणाली.

हिवाळ्यात काही बुंध्यांना फुटवे आले. बोटाएवढे, तांबूस हिरवे, एकेका बुंध्यावर पुंजक्यासारखे. निम्म्याहून जास्त बुंधे मात्र कोरडेच राहिले. नखाने साल खरवडली की आत तपकिरी लागायचं. हौरिया रोज खरवडून बघायची आणि रोज त्यांत एखाद्याची भर पडायची.

तेव्हा सबा वर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिचा चेहरा ओढलेला होता आणि ती आईच्या घरात पाहुणीसारखी बसली. मग आपण होऊन उठली आणि टप्प्यावर गेली. हौरिया फुटवे विरळ करत होती. दोन चांगले ठेवायचे, बाकीचे खुडून टाकायचे, नाहीतर एकही नीट वाढत नाही. सबाला ते लहानपणापासून येत होतं. ती शेजारच्या बुंध्याशी बसली आणि खुडायला लागली. मी वरच्या बांधावर गवत कापत होते.

बऱ्याच वेळाने सबाने विचारलं, "उम्मा, ते पाणी आमचं होतं हे तुला माहीत होतं?"

हौरियाचे हात थांबले.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, "विचारलंही नव्हतं."

 सबा मान खाली घालून पुढच्या बुंध्याकडे सरकली. तो मेलेला होता. तिने तो हलवून बघितला, मग दोन्ही हातांनी उपटायला लागली, पण जुनं मूळ, ते निघेना. हौरिया कुदळ घेऊन आली. दोघींनी मिळून त्याच्याभोवतीची माती मोकळी केली आणि तो ओढून बाहेर काढला. असे किती काढले मला माहीत नाही. ऊन कलेपर्यंत त्यांनी बांधाशी मुळांचा ढीग लावला, जळणाला.

मग सबा हात झटकून उठली. उतरायचं तर उजेड असताना उतरायला हवं. हौरियाने तिला मुळांची एक मोळी बांधून दिली. सबाने ती घेतली. आईच्या गळ्यात पडली नाही, पण पुन्हा कधी येशील विचारल्यावर येईन म्हणाली.

ती वळणाआड जाईपर्यंत हौरिया बघत होती. नंतर तिने मला हाक मारली, आणि रिकाम्या खड्ड्यांमध्ये काय लावणार असं मी विचारलं तेव्हा म्हणाली की यंदा काही नाही, आधी पाऊस येऊ दे. मग खाली बसून तिने कुदळीला चिकटलेली माती बोटांनी काढली आणि त्याच खड्ड्यात परत टाकली.